मेल आला का? – डेंटिस्ट ताईंना विचारा

या वेळी पत्रं तीनच घेतलीत, कारण पहिल्याचं उत्तर लांबलं. लांबणारच होतं.

प्रश्न: ताई, मी जुळे सोलापूरची. बीडीएस झालं, इंटर्नशिप झाली, आता नवी पेठेत एका सरांच्या क्लिनिकला काम करते. अमेरिकेत प्रॅक्टिस करायची म्हणून तिथली डेंटिस्टची आयएनबीडीई परीक्षा पास झाले, इंग्रजीची टोफेल दिली, मार्कशीटांचं ईसीई नावाच्या तिकडच्या संस्थेकडून इव्हॅल्युएशन करून घेतलं आणि कॅपिड या अर्जाच्या पोर्टलवरून तिथल्या नऊ डेंटल कॉलेजांना फॉर्म भरले. दोघांचा नकार आला, सात जण गप्प आहेत. पुण्याच्या मैत्रिणीला दोन इंटरव्ह्यू कॉल आले, तिचे नि माझे मार्क जवळपास सेम. ग्रुपवर रोज कुणीतरी टाकतं "आला कॉल!!", मी अभिनंदन टाकते आणि बाथरूममध्ये जाऊन रडते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मेल रिफ्रेश करत बसते, सकाळी पेशंटसमोर डोळे चुरचुरतात. बाबांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, ते काही बोलत नाहीत पण रोज जेवताना एकदा माझ्याकडे बघतात. कॉलेजला फोन करून विचारू का? की सोडून देऊन इथेच एमडीएसच्या, म्हणजे डेंटलच्या पीजीच्या, मागे लागू?

उत्तर: अगं, आधी घड्याळ बघ. बोस्टन-न्यूयॉर्कचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, कॅलिफोर्नियाचं उघडतं तेव्हा रात्रीचे साडेनऊ, आणि ते पाचला बंद होतं तेव्हा इकडे पहाटेचे साडेपाच. म्हणजे तू रात्री दोनला जे बघतेस तो त्यांचा भर दुपारचा टाइम आहे, मेल येऊ शकतो हे खरं, पण तू जागी असल्याने तो लवकर येत नाही ना. रात्री साडेनऊला एकदा बघ, सकाळी सहाला एकदा बघ, बास. सहाला बघून लगेच उत्तर पाठवलंस तरी त्यांचं ऑफिस उघडायच्या आत ते तिथे पोचलेलं असतं. आणि शनिवार पहाटेपासून सोमवार संध्याकाळपर्यंत तिथे कुणी बसलेलंच नसतं, त्या अडीच दिवसांत रिफ्रेश करणं म्हणजे बंद दुकानापुढे पिशवी घेऊन उभं राहणं. रविवारी तरी झोप बाई. अजून एक, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, मग साडेसहाचे साडेसात होतात. व्हिडिओवरचा इंटरव्ह्यू त्याच्या आगेमागे ठरला तर वेळ कागदावर लिहून दोनदा मोज, तासाच्या घोळात कॉल हुकणं परवडणारं नाही.

आता गप्प राहण्याबद्दल. आपण सगळे मेरिट लिस्टमध्ये वाढलेलो, लिस्ट लागली की नाव आहे किंवा नाही, विषय संपला. तिकडे तसं नसतं, एक कॉलेज फॉर्म येतील तसे वाचत जातं, दुसरं आधी सगळे गोळा करतं आणि मग उघडतं, बोलावणी पावसाळ्यात सुरू होऊन थंडीपर्यंत चालूच राहतात. त्यामुळे सात जण गप्प आहेत याचा अर्थ सात जण गप्प आहेत एवढाच. मैत्रिणीशी मार्क जुळवत बसू नकोस, मुळात आयएनबीडीईला मार्क कुठायत? दोन दिवस, पाचशे प्रश्न, पहिल्या दिवशी ३६० आणि दुसऱ्या दिवशी १४०, आणि एवढं करून पास झालेल्याला फक्त 'पास' मिळतं. (माझ्या भाच्याच्या वेळी त्याचे आजोबा महिनाभर विचारत होते, पण पर्सेंटेज किती पडले ते सांग की.) मग राहतं काय, तर तुझं बीडीएसचं रेकॉर्ड, डीनचं आणि सरांचं पत्र, तू स्वतःबद्दल लिहिलेलं पान, क्लिनिकमधली वर्षं. यातलं मैत्रिणीचं काय होतं ते तुला माहीतच नाही.

फोन करू नकोस. आधी पोर्टलवर जाऊन सातही कॉलेजांचं एकेक करून बघ, ईसीईचा रिपोर्ट पोचला का, टोफेलचा स्कोअर पोचला का, पत्रं सगळी चढली का, आणि कुठल्या कॉलेजचा स्वतःचा वेगळा फॉर्म किंवा वेगळी फी राहिलीये का. हे मी मुद्दाम सांगते कारण एक कागद कमी असला की फाईल टेबलापर्यंत जात नाही आणि तुला कुणी सांगतही नाही, बसतेस वाट बघत. मग स्पॅम फोल्डर. मग कॉलेजच्या साइटवर बघ, चौकशी करू नका असं लिहिलं असेल तर करायचीच नाही. नसेल लिहिलं तर प्रत्येकी एकच मेल, पाच-सहा ओळींचा, आणि त्यात "माझं काय झालं" हे विचारायचं नाही, फॉर्म भरल्यानंतर तू नवीन काय केलंस ते सांगायचं. नवीन काहीच केलं नसेल तर मेलपण करू नको, आधी काहीतरी कर.

काय करायचं ते सांगते. पहिलं हात. बरीच कॉलेजं इंटरव्ह्यूबरोबर बेंच टेस्ट घेतात, खोट्या जबड्यातल्या प्लास्टिकच्या दातावर कॅपसाठीचं क्राउन प्रेप, फिलिंगसाठीचं क्लास टू, कुठे मेणात दात घडवायला लावतात. तू रोज खऱ्या दातावर काम करतेस म्हणून निर्धास्त राहू नकोस, प्लास्टिक मऊ असतं, दात कोरायचा एअरोटर जरा जोरात टेकला की दीड मिलिमीटरचे अडीच झालेच म्हणून समज, आणि तिथे प्रोब घालून मोजतात. पेशंट गेल्यावर रात्री अर्धा तास सरांच्या क्लिनिकमध्ये टायपोडॉन्ट, म्हणजे तो खोटा जबडा, बांधून सराव कर, शेजारचा दात न खरवडता. कॉल आल्यावर सुरू करू म्हणशील तर हाताला तेवढा वेळ मिळत नाही.

दुसरं व्हिसा. सगळे इंटरव्ह्यू व्हिडिओवर नसतात, प्रत्यक्ष या म्हणणारे असतात आणि ते तारीख देतात तेव्हा हातात थोडेच दिवस असतात, तेवढ्यात व्हिजिटर व्हिसाची मुंबईची अपॉइंटमेंट मिळेलच असं नाही. सात जणांपैकी कोण प्रत्यक्ष बोलावतं ते आज काढ आणि व्हिसाचं आजच बाबांशी बोल. पासपोर्टची मुदतपण बघून घे.

तिसरं बोलणं. "डेंटिस्ट्री का निवडली" याला मुलामुलींची उत्तरं पाठ असतात, सगळ्यांना लहानपणी एक दयाळू डॉक्टर भेटलेला असतो. तू सोलापूरची आहेस, तुझ्याकडे त्यापेक्षा खरं काहीतरी आहे की! मावा खाणारी पंचविशीतली पोरं तुझ्या खुर्चीत बसत असतीलच, तोंडात तीन बोटं जायला पाहिजेत तिथे दीड बोट जात नाही, भाकरी चावता येत नाही, तिखट तर सोडाच, शेंगाचटणीचं नुसतं नाव काढलं तरी आग होते. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि तरी ही तोंडं आपण रोज बघतो. विडी वळणाऱ्या बायका दाढ दुखत असताना महिना काढतात कारण दवाखान्यात आल्या तर दिवसाची मजुरी जाते. अशा एखाद्या पेशंटला तू काय सांगितलंस, तिने ऐकलं का, नसेल ऐकलं तर पुढच्या वेळी तू काय वेगळं केलंस, हे इंग्रजीतून तीन मिनिटांत न अडखळता सांगता आलं पाहिजे, नाव-गाव न घेता. पाठ करू नको, आईला समोर बसवून सांग, तिला इंग्रजी कळत नसलं तरी तू कुठे खोटं बोलतेस ते कळेल.

एमडीएसचं म्हणशील तर दोन्हीचा अभ्यास एकदम करू नकोस, मी करणाऱ्या मुली बघितल्यात, दोन्हीकडून दमतात. पण तारीख ठरव. समज ३१ जानेवारी. तोवर या सातांचं, त्यानंतर पुढच्या मार्चमध्ये कॅपिड पुन्हा उघडेल तेव्हा परत भरायचं की नीट एमडीएस द्यायची ते त्या दिवशी बसून ठरवायचं, त्याआधी रोज रात्री नाही. परत भरणार असशील तर टोफेलची तारीख बघ, स्कोअर दोनच वर्षं चालतो. आणि ही तारीख बाबांना सांग. ते जेवताना बघतात ना, ते तुझ्या मार्कांसाठी बघत नसावेत. फी नि राहणं धरून कोटीच्या पुढे जाणारं काम आहे हे, कर्ज काढायचं तर तारण काय, कारखान्याचा या सीझनचा पैसा अडकवायचा की नाही, हे त्यांच्या डोक्यात चालू असणार आणि तुला प्रेशर नको म्हणून ते बोलत नसणार. तू तारीख दिलीस की त्यांनापण सूत कधी उचलायचं ते ठरवता येईल. ग्रुप म्यूट कर. सोडू नको, उपयोगाचं कधीतरी येतं त्यात, पण म्यूट कर.

आमच्या वेळी पोस्टमन होता. तो दुपारी बाराला येऊन गेला की दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटका असायची, तुमच्या पिढीचा पोस्टमन खिशातच बसलाय, म्हणून वेळ तुम्हालाच ठरवावी लागते.

प्रश्न: मुलगा बारावीला आहे, नीट देणार आहे, बीडीएस चालेल म्हणतो. एकांनी सांगितलं की डेंटलच्या अ‍ॅडमिशनला इंटरव्ह्यू असतो आणि त्याच्या तयारीचे वेगळे पैसे मागतायत. भरू का? – एक पालक, बार्शी

उत्तर: एक रुपयाही भरू नका. आपल्याकडे बीडीएसला इंटरव्ह्यू नसतो. नीटचा स्कोअर, त्यावरून राज्याच्या सीईटी सेलची मेरिट लिस्ट, मग प्रवेशाचे कॅप राउंड, संपलं. सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून आणि १५ टक्के ऑल इंडियातून भरतात, खासगीत इन्स्टिट्यूशनल कोटा असतो, पण त्यालाही नीटच लागते. इंटरव्ह्यू असतो तो अमेरिकेत, तिथली मुलं आधी कॉलेज करतात, डॅट नावाची परीक्षा देतात आणि मग डेंटल स्कूल त्यांना बोलावून बोलतं. तिकडचं ऐकून इकडे दुकान काढलेलं दिसतंय कुणीतरी. त्यापेक्षा जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल यातलं जे लागू असेल ते आत्ताच काढून ठेवा, ऐन राउंडला तहसीलमध्ये रांगेत उभं राहणारे पालक मी दरवर्षी बघते.

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेच्या कॉलेजच्या मेलची वाट बघतीये. लग्नाकार्यात जो तो विचारतो, "काय झालं ओ तुमच्या पोरीचं? गेली नाही का अजून?" ती आता कुठे यायलाच तयार नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेलापण येणार नाही म्हणते. काय करू? – एक आई, विजापूर रोड

उत्तर: विचारणाऱ्यांना तुम्हीच उत्तर द्या, तिच्यावर टाकू नका. "जानेवारी संपेपर्यंत कळेल, कळलं की पेढे घेऊन येते" एवढं हसून म्हणायचं आणि लगेच त्यांच्या मुलाचं विचारायचं, सोलापुरात हे हमखास चालतं. आणि तुम्ही स्वतः तिला दिवसातून किती वेळा विचारता "मेल आला का?" ते जरा मोजा, रागावू नका, माझी बहीण चार वेळा विचारायची आणि तिला वाटायचं एकदाच विचारते.

गड्ड्याला मात्र न्याच. अक्षता सोहळ्याला दुपारी न्या, तेव्हा अमेरिकेत रात्र असते, तिचं काही चुकत नाही. नंदीध्वज बघू दे, पाळण्यात बसू दे, भजी खाऊ दे. संध्याकाळ झाली तरी घाई नको, जानेवारीत कॅलिफोर्नियाचं ऑफिस साडेदहाला उघडतं.