स्कूटरची हवा आणि ऑइल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: मी महिन्यातून एकदा दोन्ही चाकांत तीस-तीस हवा भरून घेतो. गाडीवर रोज आम्ही दोघं असतो. तरी पुढचा टायर मधोमध झिजलाय आणि मागचा दोन्ही कडांना. टायर खराब निघाले का?

टायरचा काही दोष नाही, आकडा चुकलाय. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला चिकटून असतं आणि मागे बसणाऱ्याचा भारही जवळपास सगळा त्याच चाकावर पडतो. म्हणून दोन्ही चाकांत सारखी हवा चालत नाही. 110 सीसीच्या बऱ्याच गिअरलेस स्कूटरना पुढे 22 पीएसआय, मागे एकट्याला 29 आणि डबलसीटला 36 सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. हाच हिशेब धरला, तर तीसमुळे तुमचा पुढचा टायर जास्त फुगला आणि मधल्या पट्ट्यावरच चालत राहिला. मागचा कमी भरला, म्हणून कडांवर बसला. झीज वाचता आली की हवेचं गणित टायरवरच लिहिलेलं दिसतं.

हवा मोजायची ती गार टायरमध्ये, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असताना. लांबून चालवत आणल्यावर आतली हवा तापते आणि गेजवरचा आकडा चढतो. तो पाहून कुणी हवा काढायला लागलं तर थांबवा, कारण टायर गार झाल्यावर ती कमीच पडणार. स्वतःचं एक साधं गेज डिकीत ठेवा आणि महिन्याऐवजी पंधरवड्याला मोजा. स्कूटरच्या लहान टायरमध्ये मुळात हवाच थोडी मावते, त्यामुळे जराशी गळतीही लगेच जाणवते. सारखी हवा उतरत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडून बघा. हळूहळू बुडबुडा फुगला, तर पंक्चर शोधण्याआधी आतली पिन बदलून घ्या. आणि व्हॉल्व्हचं टोपण हरवलं असेल तर आजच बसवा. धूळ आत जाते ती तिथूनच.

प्रश्न: ऑइल बदलून हजार किलोमीटरही झाले नाहीत, तोवर काळं पडलं. लगेच बदलावं का?

नुसत्या रंगावरून नको. चांगल्या ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी द्रव्यं असतात; ऑइल काळं झालं म्हणजे ती आपलं काम करताहेत. काळजी करायची ती ऑइल दुधाळ दिसलं तर. मग त्यात पाणी गेलेलं असतं. नेहमी दोन-चार मिनिटांच्याच फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्येच राहते.

रंगापेक्षा मला पातळीची चिंता जास्त वाटते. अशा इंजिनात सगळं मिळून लिटरभरही ऑइल नसतं. त्यातलं दोनशे मिली जळून गेलं तर पाव भाग गेला! तरी गाडी चालत राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पातळी बघताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर ती तिरकी होते आणि पातळी खोटी दिसते. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, ऑइल खाली उतरायला आणखी दोन-तीन मिनिटं द्या. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची खुणांची पट्टी, फडक्याने कोरडी पुसून परत घाला. बहुतेक स्कूटरवर ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, पण मॅन्युअलमध्ये खात्री करा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वरही भरू नका. जास्तीचं ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरपर्यंत पोचतं.

बदलायची मुदत किलोमीटर आणि महिने अशी दोन्ही दिलेली असते. जे आधी भरेल ते धरा. गाडी उभी राहिली म्हणून ऑइल ताजं राहत नाही.

प्रश्न: घरात बाइकचं ऑइल शिल्लक आहे. स्कूटरला चालेल का?

डब्यावर बघा. बाइकच्या ऑइलवर बहुधा जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलं असतं, स्कूटरच्या ऑइलवर एमबी. बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे त्याला पकड देणारं ऑइल लागतं. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिथे कमी घर्षणाचं एमबी योग्य. एकदा एमए घातल्याने इंजिन लगेच बिघडत नाही, पण मी घालणार नाही. उलटं मात्र कधीच करू नका: एमबी बाइकमध्ये घातलं तर क्लच घसरू शकतो. आणि 10डब्ल्यू-30 सारखा ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट तो आकडा, मॅन्युअलप्रमाणेच घ्या.

प्रश्न: ऑइल वेळेवर बदलूनही मागच्या चाकाकडून घरघर येते.

गिअर ऑइल कधी बदललंय? इंजिन ऑइल वेगळं, हे वेगळं. मागच्या चाकापाशी गिअरचा एक छोटा डबा असतो. त्यात साधारण शंभर-सव्वाशे मिली ऑइल असतं आणि सर्व्हिसिंगमध्ये तेच राहून जातं. गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवा. तेव्हाही घरघर ऐकू आली किंवा चाक वर-खाली हलवताना खेळ जाणवला, तर बेअरिंग तपासायला हवं. मग नुसतं ऑइल घालून भागणार नाही.

प्रश्न: एअर फिल्टर हवेने फुंकून साफ केला तर चालतो ना?

तुमचा फिल्टर हाताला तेलकट, चिकट लागत असेल तर नाही. त्या तेलातच धूळ अडकते. हवा मारली की ती धूळ आत ढकलली जाते. असा फिल्टर मुदत संपली की सरळ बदला. कोरड्या कागदाचा असेल तर आतून बाहेर, हलक्या हाताने हवा मारा.