पर्समधली चिठ्ठी

प्रश्न : माझं वय ४३. चार महिने झाले, पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, कशातच जीव रमत नाही. ईसीजी चांगला आला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी एका खाजगी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. पाच आठवडे ती पर्समध्येच आहे. या गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत म्हणतात. यांना सोबत नेऊ का?

उत्तर : चिठ्ठी तुम्ही फाडली नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. उद्याच फोन करून वेळ घ्या.

पहिली भेट बहुधा पाऊण ते एक तासाची असते, पुढच्या बऱ्याच लहान. म्हणून त्रास कधीपासून, झोप-भूक कशी, हे घरीच कागदावर लिहा. बोलता बोलता रडू आलं तर कागद पुढे सरकवा. रक्ताचे रिपोर्ट न्या. थायरॉइड बिघडलं तरी मन असंच खचतं.

आणि घरात घेत असाल त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. ‘दुसरं औषध?’ ‘काही नाही.’ जाताना रुमाल काढायला पर्स उघडली आणि झोपेच्या गोळ्यांची अर्धवट पट्टी टेबलावर पडली. चार वर्षं रोज रात्री अर्धी गोळी! त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. अशी गोळी एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. तेव्हापासून मी ‘झोपण्यासाठी काय घेता?’ असं वेगळं विचारते.

आणखी एक, न विचारताही सांगा : कधी याच्या अगदी उलट दिवस गेलेत का? दोन-तीन तास झोपूनही अंगात भलता उत्साह, अखंड बोलणं, हात सैल सोडून खर्च? ते चांगले दिवस वाटतात, म्हणून कुणी सांगत नाही. पण असं झालेलं असेल तर आजार वेगळा असू शकतो, आणि नुसती नैराश्याची गोळी मनाला त्या दुसऱ्या टोकाला ढकलू शकते. दारू, दिवस राहण्याची शक्यता, मरणाचे विचार, हेही लपवू नका. तसे विचार आताच येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता आजच जवळच्या रुग्णालयात जा.

गोळ्यांचं म्हणाल, तर नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा चढत नाही. गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, मळमळ आणि अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात येतो. बरेचजण तिथेच गोळी सोडतात, याची मला खरंच हळहळ वाटते. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यावरही साधारण ६ ते ९ महिने गोळी चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. सवय लागते ती झोपेच्या आणि धडधड थांबवणाऱ्या काही गोळ्यांची. तशी लिहून दिली तर ‘किती दिवस?’ असं तिथेच विचारा.

यजमानांना जरूर न्या, पण आधी एकट्या बोला. जिवाला धोका असल्याशिवाय तुमचं बोलणं डॉक्टर सहसा बाहेर जाऊ देत नाहीत.

निघण्यापूर्वी एवढं विचाराच : रात्री त्रास वाढला तर जायचं कुठे? तुम्ही रजेवर असताना कोण बघतं? खाजगी दवाखाना रात्री बंद असतो. डॉक्टर सांगतील तो नंबर तुमच्या आणि यजमानांच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.