सूर्य दिव्यांपुरता, वारा ढकलायला

डेकभर सोलर पॅनल लावून मोठं मालवाहू जहाज चालवता येईल का? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, डोंबिवली)

नाही. 'ऑरिगा लीडर' या जपानी मोटारवाहू जहाजावर २००८ मध्ये ३२८ पॅनल बसवले. सगळे मिळून ४० किलोवॅट, तेही ऊन कडक असताना. अशा जहाजाचं मुख्य इंजिन दहा हजार किलोवॅटच्या पुढचं असतं. शिवाय डेक मोकळा असतो कुठे? कंटेनर जहाजावर डबे रचलेले, आणि बल्क कॅरियरची (धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल नेणाऱ्या जहाजाची) हॅच कव्हरं, म्हणजे मालाच्या कप्प्यांची झाकणं, प्रत्येक बंदरात उघडायची. मोटारवाहू जहाजाचं छत रिकामं, म्हणून तिथे हा प्रयोग जमला.

मग केरळची सोलर फेरी कशी चालते? माझ्या ट्रॉलरला जमेल? (ट्रॉलरमालक, देवगड)

वैकमची 'आदित्य' २०१७ मध्ये सुरू झाली. जेमतेम अडीच किलोमीटरचं शांत पाणी, हलकी बोट, सावकाश वेग, ७५ प्रवासी. छतावर २० किलोवॅटचे पॅनल, जोडीला बॅटरी आणि किनाऱ्यावरचं चार्जिंग. तुम्हाला तासन्तास जाळं ओढायचंय. तिथे डिझेलच लागणार. पण दिवे, वायरलेस, जीपीएस यांच्यासाठी केबिनच्या टपावर दोन पॅनल जरूर बसवा. फक्त ॲल्युमिनियमची फ्रेम आणि स्टीलचे बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या हवेत फ्रेम खाल्ली जाते.

सोलर आणि बॅटरी मेन स्विचबोर्डला जोडली तर ब्लॅकआउटचा धोका वाढतो का? (जहाजावरचे ईटीओ, म्हणजे विद्युत अधिकारी)

नीट जोडली तर उलट कमी होतो. नुसतं सोलर असेल तर ढग आला की तेवढा लोड जनरेटरवर पडतो, आणि ऊन असताना जनरेटर फार हलक्या लोडवर चालून काजळी धरतो. बॅटरी मध्ये आली की दोन्ही चढउतार ती पचवते.

खरा फायदा त्याहून वेगळा आहे. बंदरात शिरताना एक बंद पडला तर दुसरा हवा म्हणून आपण दोन जनरेटर अर्ध्या लोडवर पळवतो. पुरेशी मोठी बॅटरी तो राखीव भार उचलू शकते. क्लासची (जहाजांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेची) परवानगी असेल तर एक जनरेटर थांबवता येतो. माझ्या मते पॅनलच्या विजेपेक्षा इथे जास्त इंधन वाचतं, पण जाहिरातीत फोटो पॅनलचाच छापतात!

एक काळजी घ्या. जहाजावरच्या ४४० व्होल्टच्या यंत्रणेचा न्यूट्रल सहसा जहाजाच्या पोलादी सांगाड्याला (हल) जोडलेला नसतो. ओल्या डेकवरच्या लांबलचक केबलींमुळे इन्सुलेशन उतरतं आणि अर्थ फॉल्टचा, म्हणजे वीज सांगाड्यात गळत असल्याचा, अलार्म सारखा वाजतो. म्हणून इन्व्हर्टर आणि स्विचबोर्डमध्ये दोन्ही बाजूंची वायरिंग एकमेकांपासून वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा.

डेकवर पवनचक्की का बसवत नाहीत? (निवृत्त शिक्षक, सांगली)

जहाज चालू असताना समोरून लागणारा वारा बराचसा जहाजाच्याच वेगाचा असतो. त्यातून वीज काढायची तर अडथळा वाढतो, आणि त्याची भरपाई इंजिनाला करावी लागते. त्यापेक्षा बाजूच्या वाऱ्याने थेट जहाजच ढकलावं. जर्मन अभियंता फ्लेटनर यांनी १९२४ मध्ये 'बुकाउ' जहाजावर फिरते उभे दंडगोल (रोटर) लावून ते दाखवलं. २०१८ मध्ये 'मर्स्क पेलिकन' या टँकरवर तीस मीटर उंचीचे दोन रोटर बसले आणि वर्षभरात इंधनात ८.२ टक्के बचत मोजली गेली. बल्क कॅरियरवर मात्र माल चढवताना असे खांब आड येतात, म्हणून 'सी झोउशान' या खनिजवाहू जहाजावरचे पाचही रोटर आडवे पाडता येतील असे बसवलेत.