गावातल्या कबड्डी-क्रिकेटच्या मॅचेस शूट करायला स्वस्तातला पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

बजेट कमी आहे म्हणताय तर डीएसएलआरच्या नादी लागूच नका, बॉडी स्वस्तात मिळते पण लांबचं घ्यायला लागणारी लेन्सच खिसा रिकामा करते. त्यापेक्षा सेकंडहँड ब्रिज कॅमेरा (मोठ्या झूमची लेन्स जोडलेलीच असते, वेगळी घ्यावी लागत नाही) बघा, पॅनासॉनिकचा एफझेड 300 वगैरे, 25 ते 600 एमएम झूम आणि पूर्ण झूमला पण एफ 2.8 राहतं, म्हणजे लेन्स उजेड भरपूर आत घेते, संध्याकाळी जरा बरं पडतं. सेन्सर मात्र छोटा आहे, रात्रीच्या मॅचला ग्रेन (चित्रात दाणे) येणारच.

फक्त कबड्डी असेल तर एवढा झूम लागत पण नाही, मैदानच 13 बाय 10 मीटरचं, सध्याचा मोबाईल चांगल्या ट्रायपॉडवर लावा आणि थोडं उंचावरून घ्या. क्रिकेटला मात्र ऑप्टिकल म्हणजे लेन्सचा खरा झूम हवाच, डिजिटल झूम नुसतं चित्र कापून मोठं करतो, त्याचे आकडे बघून फसू नका.

घेण्याआधी रेकॉर्डिंग लिमिट नक्की विचारा, बरेच स्टिल कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबतात आणि नेमकी तेव्हाच विकेट पडते 😄

आणि हो, लाईटखाली शूट करताना शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे, नाहीतर फ्लिकर येतो (चित्र लुकलुकतं). उरलेले पैसे फ्लुइड हेडवर (ट्रायपॉडवर कॅमेरा झटके न देता फिरवणारा भाग) घाला.