एसी काढा, नाहीतर वीज बंद

प्रश्न: आम्ही मूळचे सावंतवाडीचे. गोव्यात पर्वरीला चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर भाड्याने राहतो. भाडं 18 हजार, अनामत 36 हजार, अकरा महिन्यांचा करार. स्लॅब दिवसभर तापतो, रात्री पंखा गरम वाराच फेकतो. बहात्तर वर्षांच्या सासूबाईंना दोनदा चक्कर आली, म्हणून मार्चमध्ये मालकांना विचारून स्वखर्चाने दीड टनाचा एसी लावला. आता मालक म्हणतात, 'भिंत फोडली, दरमहा तीन हजार जास्त द्या, नाहीतर एसी काढा.' गेल्या रविवारी दुपारी त्यांच्या भावाने खाली येऊन आमचा मेन बंद केला आणि मीटरपेटीला स्वतःचं कुलूप लावलं. शेजाऱ्यांनी भांडून रात्री नऊला ते काढायला लावलं. सोसायटीचे सेक्रेटरीही युनिट हलवा म्हणतात. आम्ही भाडं थांबवावं का?

उत्तर:

ताई, एसीचं मागाहून बघू. आधी रविवारचं.

मीटरपेटीला कुलूप घालण्याचा अधिकार तुमच्या मालकाला नाही, भावाला तर मुळीच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108 प्रमाणे, भाडं देणाऱ्या आणि करार पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतभर विनाव्यत्यय राहू देणं मालकावर बंधनकारक आहे. करारात तसं लिहिलेलं नसलं तरी. आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटतं की गोव्यात सगळं पोर्तुगीज कायद्यानं चालतं. लग्न आणि वारसा यांत तो वारसा आहे खरा, पण भाड्याच्या घराचा संबंध येतो तो या 1882 च्या कायद्याशी आणि 1968 च्या इथल्या भाडे नियंत्रण कायद्याशी.

विजेबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या निकालात स्पष्ट म्हटलं आहे की वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि मालक ना हरकत दाखला देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. वीज खात्यानं पाहायचं ते एवढंच, की अर्जदार त्या जागेत राहतो का. वीज कायदा, 2003 चं कलम 43 सुद्धा मालक किंवा राहणारा, दोघांपैकी कोणीही मागणी केली तर पुरवठा द्यायला सांगतं. जिथे खुद्द वीज खात्याला मालकाच्या नाराजीचं कारण चालत नाही, तिथे मालकाच्या भावाचं कुलूप कुठून चालणार?

पुन्हा असं झालं तर हुज्जत घालू नका. कुलपाचा फोटो काढा, त्यात वेळ दिसू द्या. मालकाला लगेच मेसेज करा. पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. 'हे दिवाणी आहे' असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे, मिळू द्या. पोचीचा कागद पुढे कामाला येतो. मग दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा आणि सोबत तातडीच्या अंतरिम आदेशाचा अर्ज. पर्वरीत उच्च न्यायालयाची एवढी मोठी इमारत उभी असली तरी तुमची पायरी म्हापशाच्या न्यायालयाची. आणि दावा तुमच्या नावाने करा, यजमानांच्या नाही: विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. मी हे सांगून माझ्याच व्यवसायबंधूंच्या पोटावर पाय देते आहे, पण असो.

तुमच्या करारावर मोठ्या अक्षरांत 'लिव्ह अँड लायसन्स' (म्हणजे भाडेपट्टा नाही, जागा वापरायची नुसती परवानगी) छापलंय, त्यामुळे मालक म्हणेल की तुम्ही भाडेकरू नाहीच. हा शब्द आपल्याकडे मुद्दामच घालतात. 1959 च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यापासून न्यायालयं मथळा बाजूला ठेवून दोन्ही पक्षांचा हेतू आणि जागेचा खरा ताबा कोणाकडे आहे ते पाहतात. तुमच्या फ्लॅटची एकमेव किल्ली तुमच्याकडे आहे, मालक दोन वर्षांत आत आलेला नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ते तुमच्या बाजूचं आहे. मालकाने पोलिसांकडे भाडेकरू पडताळणीचा फॉर्म दिला असेल तर त्याची प्रत शोधून ठेवा. तिथे त्यानेच तुम्हाला भाडेकरू म्हटलेलं असतं.

भाडं मात्र थांबवू नका. एका महिन्याचंही नको. भाडे नियंत्रण कायद्यात घर खाली करून घ्यायच्या कारणांत थकबाकी सगळ्यात आधी येते, आणि आज जी बाजू पूर्ण तुमची आहे ती त्या एका महिन्यात पातळ होते. बँकेतून भरा, रोख नको. वाढीव तीन हजार देऊ नका. करारातला आकडा मुदतीच्या मध्येच एकट्याच्या मर्जीने बदलत नाही.

आता एसी. भारतीय हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला कमाल 37 अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हा निकष लावतं, मैदानी भागात तोच 40 अंशांचा. आपल्या दमट हवेत 37 म्हणजे काय हे मी सांगायला नको. पाण्याचा कूलरही इथे फार कामाचा नाही, हवा आधीच पाण्याने भरलेली. पण घर थंड ठेवण्याची जबाबदारी कायदा मालकावर टाकत नाही. तुमचा आधार आहे तो त्याच्या परवानगीचा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये 11 मार्चचं त्याचं उत्तर आहे: 'जाता. खर्च तुमचो.' म्हणजे चालेल, खर्च तुमचा. कोकणीतले तीन शब्द, पण पुरेसे. एसी लावायचा म्हणजे भिंतीला पाईपपुरतं भोक पडणार, हे परवानगी देणाऱ्याला माहीत असतं. नुसता स्क्रीनशॉट ठेवू नका. तो मोबाईल विकू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडून तो मेसेज न्यायालयात द्यावा लागेल.

मात्र तुमच्या दुसऱ्या फोटोने मला घाबरवलं. एसीची वायर बाथरूमच्या गिझर पॉईंटमधून काढून दारावरून ओढली आहे, आणि प्लगचा एक कोपरा काळा पडलाय. दीड टनाचा एसी दीड-पावणेदोन किलोवॅट ओढतो. गिझर आणि तो एकत्र चालले की एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडणार, आणि पडतो तेच बरं. उद्या आग लागली तर मालकाची परवानगी तुम्हाला वाचवणार नाही, कारण जागेचं नुकसान होऊ न देणं ही त्याच कलम 108 प्रमाणे तुमची जबाबदारी आहे. या आठवड्यात परवानाधारक वायरमन बोलवा, एसीला मीटरपासून वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी करून घ्या, पावती घ्या. बिलावर मंजूर भार दोन किलोवॅट दिसतोय, तो वाढवावा लागेल. वीजजोडणी मालकाच्या नावावर आहे, तेव्हा अर्जावर त्याची सही मागा, लेखी. दिली नाही तर 2022 चा निकाल जोडून वीज खात्याकडे स्वतः राहणारे म्हणून अर्ज करा.

वायरिंगचा खर्च निम्मा-निम्मा असा प्रस्ताव मी तुमच्या जागी असते तर ठेवला असता. लाईन त्याच्याच घरात राहणार आहे. करार ऑगस्टमध्ये संपतो आणि नूतनीकरणाला तो बांधील नाही. मुदत संपली म्हणून त्याला तुम्हाला जबरदस्तीने बाहेर काढता येणार नाही, तसं केलंच तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. पण सासूबाईंना घेऊन कोर्टाच्या तारखा करण्यापेक्षा थोडी तडजोड स्वस्त पडते.

सेक्रेटरींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. युनिट बाहेरच्या भिंतीवर टांगलं असतं तर सोसायटीची परवानगी लागली असती. तुमचं बाल्कनीच्या आत, जमिनीवर आहे. त्याचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकतं, ही तक्रार खरी आहे. ड्रेन पाईप बाल्कनीतलं पाणी जायच्या जाळीत सोडा, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

राहिलं भोक आणि अनामत. घर सोडताना ताबा तुमच्याकडे असेपर्यंत एसी तुमचा तुम्हाला नेता येतो, अट एवढीच की भिंत पूर्वीसारखी करून द्यायची. सिमेंट, पुट्टी आणि तेवढ्या भिंतीला रंग. भरण्याआधी आणि नंतर फोटो काढा, गवंड्याची पावती जोडा. त्यानंतरही मालकाने कापायचं म्हटलं तर प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते दाखवावं लागेल त्याला.

आज रात्री मालकाला एवढाच मेसेज पाठवा: 'तुमच्या 11 मार्चच्या परवानगीने एसी लावला आहे. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून करून घेत आहोत, भारवाढीच्या अर्जावर सही हवी आहे. रविवारी दुपारी तुमच्या भावाने मीटरपेटीला कुलूप लावून रात्री नऊपर्यंत वीज बंद ठेवली, तसं पुन्हा करू नये. या महिन्याचं भाडं जमा केलं आहे.' रागाचा एकही शब्द घालू नका, आणि भाडं आधी जमा करा, मग मेसेज.