मुलाचे हक्कसोडपत्र होत नाही

घटस्फोटाच्या वेळी वडिलांनी मुलावरचे सर्व हक्क सोडून दिले आहेत, आता मुलाला दुसऱ्या पतीचे नाव लावायचे आहे, अशा आशयाची पत्रे वारंवार येतात. आजचे पत्र सातारा जिल्ह्यातील एका भगिनींचे आहे. 2016 मध्ये परस्परसंमतीने घटस्फोट होताना पहिल्या पतीने शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर, नोटरीसमोर, ‘मुलावर माझा हक्क नाही आणि त्याच्या पोटगीची जबाबदारीही माझ्यावर नाही’ असे लिहून दिले. मुलगा आता 14 वर्षे 8 महिन्यांचा आहे. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी सध्याच्या पतींना त्याला दत्तक घ्यायचे आहे, आणि संमतीपत्रावर सही करण्यासाठी पहिले पती दोन लाख रुपये मागत आहेत.

ताई, आपल्या प्रश्नाचा निकाल मुलाच्या वयावर लागणार आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 च्या कलम 10 प्रमाणे, वेगळी रूढी सिद्ध करता येत नसेल तर, 15 वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला दत्तक देता येत नाही. म्हणजे आपल्या हाती चार महिने उरले आहेत. हा कागद कपाटात ठेवून आपण इतकी वर्षे निर्धास्त राहिलात आणि एकाही वकिलाला तो दाखवला नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण त्या कागदाने काहीच सुटलेले नाही. शेतजमिनीतला हिस्सा हक्कसोडपत्राने सोडता येतो, पितृत्व तसे सोडता येत नाही. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे; आई-वडिलांनी आपसात केलेल्या लिखापढीने तो बुडत नाही, म्हणून पहिल्या पतीची ती जबाबदारी आजही कायम आहे. जन्मदात्या वडिलांशी असलेले कायदेशीर नाते कलम 12 प्रमाणे तुटते ते वैध दत्तकानेच, आणि कलम 9 प्रमाणे दुसरा पालक हयात असताना त्याच्या संमतीवाचून आपल्याला मुलगा दत्तक देता येत नाही. त्या पालकाने संन्यास घेतला असेल, हिंदू धर्म सोडला असेल किंवा न्यायालयाने त्याला विकलमनस्क, म्हणजे मानसिक संतुलन नसलेला, ठरवले असेल, तरच संमतीची गरज उरत नाही. 2016 च्या कागदात दत्तकाचा उल्लेखही नाही, त्यामुळे ती संमती मानली जाईल यावर मी विसंबणार नाही. आईच्या बाजूने लागलेला सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा जो निकाल आपण जोडला आहे, त्यातील वडील हयात नव्हते. आपल्याकडे ते हयात आहेत.

दोन लाखांचा विचार मात्र आजच सोडा. दत्तकाच्या मोबदल्यात पैसे घेणे आणि देणे या दोन्ही गोष्टींना कलम 17 मध्ये मनाई असून सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘मागची पोटगी माफ करते, सही करा’ असा सौदाही त्याच कलमाच्या कचाट्यात येऊ शकतो.

चार महिन्यांत संमती मिळाली नाही, तर बाल न्याय अधिनियम, 2015 खालील सावत्र पालकाच्या दत्तकाचा मार्ग 18 वर्षांपर्यंत खुला राहतो. त्याचा आदेश 1 सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. तेथेही जन्मदात्या वडिलांची संमती लागतेच, शिवाय मुलाच्या ताब्याचा दावा प्रलंबित असेल तर तो निकाली निघेपर्यंत प्रक्रिया सुरू होत नाही. म्हणून घाईघाईने ताब्याचा नवा अर्ज करू नका. आपल्याकडे असा अर्ज किती वर्षे तारखांवर तारखा घेत पडून राहील, हे कोणीच सांगू शकत नाही.

सध्याच्या पतींना पहिल्या विवाहापासून मुलगा आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असल्यास 1956 च्या कायद्याचा मार्ग कलम 11 मुळे बंद होतो. मुलाचे स्वतःचे म्हणणेही पत्रात एका ओळीने आलेले नाही. वैध दत्तक कलम 15 प्रमाणे पुढे रद्द करता येत नाही आणि जन्मदात्या घरातील पुढचा वारसाहक्क त्याने जातो, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाशी हे आधी बोला.

तो राजी असेल, तर पहिल्या पतीकडून मुलाचे नाव, दत्तक घेणाऱ्याचे नाव आणि ‘दत्तक देण्यास संमती’ हे शब्द स्पष्ट असलेला लेख करून घ्या. प्रत्यक्ष देणे-घेणे साक्षीदारांसमोर होऊ द्या आणि आपल्या व पतींच्या सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. हे सारे मुलाच्या पंधराव्या वाढदिवसाच्या आत झाले पाहिजे.