एकटी राहू न शकणाऱ्या कुत्रीविषयी

आपण लिहिले आहे की दत्तक घेतलेली तीन वर्षांची देशी कुत्री, घरून काम बंद होऊन ऑफिस सुरू झाल्यापासून, आपण बाहेर पडताच रडते, दार ओरबाडते आणि एरवी कधी न करणारी ती घरात लघवी करते. शेजाऱ्यांची तक्रार आली आहे आणि घरातील मंडळी तिला बाल्कनीत बांधून ठेवायला सांगत आहेत. माझी पहिली विनंती हीच की तिला बांधू नका आणि पिंजऱ्यातही कोंडू नका. अशा अवस्थेतील कुत्री सुटण्याच्या धडपडीत दात मोडून घेतात, नखे रक्तबंबाळ करून घेतात. हा खोडसाळपणा नाही, सूडही नाही. ती भेदरलेली आहे. आपण परतल्यावर ती कान पाडून, नजर चुकवून बसते, त्यावरून तिला चूक कळते असे वाटते, पण ती फक्त आपला चढलेला आवाज आणि चेहरा ओळखून नमते घेत असते. त्या वेळी रागावलो, तर एकटे राहण्याच्या भीतीत आपल्या परतण्याची भीती मिसळते.

माझ्या कुत्रीच्या बाबतीत मला हे उशिरा समजले. रोज संध्याकाळी दाराजवळची एक फरशी ओली दिसायची आणि मी ती पाणी सांडले असेल म्हणून पुसत असे. एकदा फडताळावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून गेले. लिफ्टचे दार लागल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ती उंबऱ्याच्या फटीला नाक लावून उभी राहिली. चाळीस मिनिटे ती तिथून हलली नाही, नुसती धापा टाकत होती आणि तोंडातून लाळ गळत होती. ती ओल लाळेची होती. बशीतला दहीभात तसाच होता, जो तिने मी परतल्यावर दोन घासांत संपवला. एकटे असताना आवडीचे खाणेही न शिवणे हे या भीतीचे ठळक लक्षण आहे.

म्हणून आधी रेकॉर्डिंग करा आणि ते पशुवैद्यांना दाखवा. लघवीचा संसर्ग, फटाक्यांची किंवा ढगांच्या गडगडाटाची भीती, नुसता कंटाळा यांतूनही असेच प्रकार घडतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. कंटाळलेला कुत्रा बहुधा थोडी झोप काढून मग चपला कुरतडतो. घाबरलेल्याची तगमग मात्र आपण निघाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात, पुष्कळदा निघण्यापूर्वीच सुरू होते.

मुख्य उपाय सरावाचा आहे आणि तो अतिशय संथ आहे. चावीचा खुळखुळाट, हेल्मेट, ऑफिसची बॅग यांवरून ती आपले निघणे ओळखते. तेव्हा दिवसातून काही वेळा चावी उचलून पुन्हा जागेवर ठेवा, हेल्मेट हातात घेऊन चहा करायला जा. त्या वस्तूंचे तिला काही वाटेनासे झाले की दाराबाहेर पाच सेकंद उभे राहून परत या, मग दहा, मग वीस. मोबाइलवर ती दिसत राहील अशी सोय करा आणि तिची तगमग सुरू होण्यापूर्वीच आत या. रडून रडून ती आपोआप शांत होईल, असा सल्ला अनेकजण देतील. तो मानू नका, कारण प्रत्येक वेळी कळ सोसावी लागली की भीती घट्टच होते. आज दोन मिनिटे जमली म्हणून उद्या एकदम वीस मिनिटे करू नका. पहिला अर्धा तास गाठायला आम्हाला अडीच महिने लागले आणि दिवाळीत पुन्हा मागे यावे लागले.

या काळात तिला खरोखरच एकटे ठेवायचे नसते, आणि सर्वांत जड जाते ते हेच. सासूबाई, शेजारची कॉलेजातली मुलगी, कुत्र्यांचे पाळणाघर, आठवड्यातून दोन दिवस घरून काम, जे जुळेल ते जुळवा. दुसरा कुत्रा आणण्याची घाई करू नका; तिला ओढ माणसाची असेल तर त्याने फरक पडत नाही.

औषधाला कमीपणा मानू नये. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने याच विकारासाठी कुत्र्यांकरिता क्लोमिप्रामीनला १९९८ मध्ये आणि फ्लुऑक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता दिली आहे. परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि सराव चालूच ठेवावा लागतो. औषधामुळे तो सराव तिच्या अंगी लागण्याइतके तिचे मन स्थिरावते. घरातील माणसांच्या गोळ्या मात्र अंदाजाने देऊ नका. मात्रा पशुवैद्यांनीच ठरवायची.

सोसायटीचे म्हणाल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही. तरीही शेजाऱ्यांना होणारा त्रास खरा आहे. ज्यांनी तक्रार केली त्यांच्याकडे स्वतः जाऊन उपचार सुरू केल्याचे सांगा आणि ती किती वाजता, किती वेळ रडली हे कळवण्याची विनंती करा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी कॅलेंडरच्या चौकटीत वेळा लिहून ठेवत. पशुवैद्यांना रेकॉर्डिंगइतकाच त्या नोंदींचा उपयोग झाला.